आमची वाटचाल : एका वेळी एकच माणूस

आमच्या योगोपचार केंद्रात आजही वर्ग भरत नाही. एका वेळी एकच व्यक्ती येते, तिच्यासाठी आखलेला अभ्यासक्रम करते आणि जाण्यापूर्वी त्या दिवसाची नोंद तिच्या पत्रकावर होते. हे ऐकल्यावर ‘मग तुमचे भागते कसे?’ असा प्रश्न हमखास येतो. भागत नव्हते अशी एक वेळ येऊन गेली आहे, आणि आमच्या वाटचालीत सांगण्यासारखे खरे तर तेवढेच आहे.

सुरुवात दोघांनी केली. माझा भागीदार आणि मी एकाच गुरूंकडे शिकलो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर आणले, आणि योगाचार्य कृष्णमाचार्यांनी अभ्यास माणसागणिक बदललाच पाहिजे हा आग्रह धरला. या दोन्ही परंपरांचे संस्कार आमच्यावर झाले होते, त्यामुळे एका खोलीत एकाच विद्यार्थ्याला शिकवायचे यावर आमचे त्या वेळी दुमत नव्हते.

भांडवलातला मोठा हिस्सा साधनांवर गेला, आणि ते मी आजही योग्यच मानते. आमचे लोड आम्ही कापूस दाबून भरून शिवून घेतले, कारण स्पंजाचा लोड पाठीखाली काही मिनिटांतच खचतो आणि उघडलेली छाती पुन्हा मिटते. पाठीचा पत्रा काढलेल्या लोखंडी खुर्च्या, लाकडी विटा, भिंतीतले कडे आणि दोर, ताण न देणाऱ्या सुती कापडाचे पट्टे हे सारे हळूहळू जमवले. सर्वांगासनात, म्हणजे खांद्यांवर शरीर उभे तोलताना, खांद्यांखाली घ्यायच्या घोंगड्यांच्या घड्या तर मी कोणालाही घालू देत नसे. घडीची कड सरळ नसली किंवा उंची कमी पडली, तर खांद्यांवर यायचा भार मानेच्या मणक्यांवर येतो, आणि ते करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

याहून महत्त्वाचे होते ते आमचे नोंदपत्रक. तक्रार, वैद्यकीय अहवाल, औषधे, झोप आणि दिनचर्या, द्यायचा अभ्यास असे रकाने त्यात होतेच. पण शेवटचा रकाना ‘काय करायचे नाही’ असा होता आणि तो भरल्याशिवाय पहिले आसन शिकवायचे नाही असा नियम होता. काचबिंदू असलेल्याला शीर्षासन नाही, कारण डोक्यावर उभे राहिल्याने डोळ्यांतला दाब वाढतो. रक्तदाब वाढलेल्याला कपालभाती, म्हणजे झटक्याझटक्याने श्वास सोडणे नाही, आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणेही नाही. हाडे ठिसूळ झालेल्याला पुढे वाकणे नाही, जोराने पीळ देणे नाही. हा रकाना माझ्या आग्रहाने आला होता, हे इथे लिहून ठेवते.

२१ जून २०१५ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा झाला आणि चौकशीसाठी येणाऱ्यांची रीघ लागली. भागीदाराचे म्हणणे असे की मोठे सभागृह घ्यावे आणि रोगांनुसार बॅच लावाव्यात : पाठदुखीची एक, मधुमेहाची एक, वजन कमी करणाऱ्यांची एक. मी विचारले, पाठदुखीची बॅच म्हणजे नक्की कोणाची? मणक्यांमधली चकती सरकलेल्या माणसाचे दुखणे सहसा पुढे वाकल्यावर वाढते. कण्यातली पोकळी अरुंद झालेल्याला मागे वाकणे सोसत नाही, उलट पुढे झुकल्यावर बरे वाटते. दोघांची तक्रार ‘पाठ दुखते’ हीच. त्यांना शेजारी शेजारी बसवून एकच भुजंगासन, म्हणजे पालथे पडून छाती उचलत मागे वाकणे, द्यायचे असेल, तर निदान कशाला हवे? त्यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते, पण हिशेब होता.

पुढे जे घडले ते मी सौम्य शब्दांत लिहिण्याचा प्रयत्न करते. भागीदाराने वेगळे होण्याचा निर्णय सांगितला तेव्हा त्याचे सभागृह ठरलेले होते, आमचे दोन्ही सहायक त्याच्याकडे जाणार हेही ठरलेले होते, आणि नोंदपत्रकांच्या प्रती आधीच निघालेल्या होत्या. व्यवसायात कोणी कोणाला बांधून ठेवू शकत नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्या माणसाने आपल्या आजाराची, झोपेच्या गोळ्यांची, घरातल्या ताणाची माहिती विश्वासाने सांगितली, त्याला त्याच माहितीच्या आधारे दुसरीकडून बोलावणे जावे, याला माझ्या लेखी व्यवसाय म्हणत नाहीत. निम्म्याहून अधिक विद्यार्थी गेले. ‘तिथे योग कमी आणि दवाखाना जास्त’ असे आमच्याविषयी बोलले जाऊ लागले. जागेचे भाडे थकले, आणि भिंतीतले दोर उतरवून जागा सोडण्याची तयारीही मी केली होती.

त्या काळात ज्या राहिल्या त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. पाठीच्या कण्यातला एक मणका ठिसूळपणामुळे दबलेला, आणि स्वभाव असा की प्रत्येक सूचनेचे कारण विचारल्याशिवाय हात वर होणार नाही. भिंतीला पाठ लावून ताडासन, टाचा उचलून तोल सांभाळणे, पाय खुर्चीवर ठेवून उताणे पडणे, पातळ घडीवर छाती उघडणे आणि शेवटी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणे, एवढाच त्यांचा अभ्यास. त्यांनाही सभागृहातून बोलावणे आले होते. ‘मला तिथे पहिल्या दिवशी काय करू देणार नाही, ते सांगा,’ असे त्यांनी विचारले आणि उत्तर न मिळाल्याने त्या गेल्या नाहीत. वर्षभराचे शुल्क त्यांनी आगाऊ आणून दिले, दोन मैत्रिणींना घेऊन आल्या, आणि माझी पत्रके अक्षर लागत नाही म्हणून स्वतः लिहून काढू लागल्या. दुसरा आधार एका अस्थिरोगतज्ज्ञांचा होता. आम्ही प्रत्येक रुग्णाच्या अभ्यासाची माहिती त्यांना लेखी कळवत असू. एवढ्यावरून त्यांनी आणखी रुग्ण पाठवले.

त्यानंतरची वर्षे ठीक गेली. २०२०च्या टाळेबंदीत आम्ही दूरस्थ पद्धतीने शिकवले आणि एक गोष्ट ठरवून घेतली : फोन समोर न ठेवता बाजूला, जमिनीलगत ठेवायचा, म्हणजे उताणे झोपलेल्या माणसाच्या बरगड्या श्वासाबरोबर किती हलतात ते दिसते. चेहरा पाहून योगोपचार होत नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना, त्यांनी विचारले नसले तरी, थोडे सांगते. रक्तदाबमापक घ्या आणि तो वापरायला शिका. माणसाला पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, मोजताना बोलू देऊ नका. जिना चढून आलेल्याचा रक्तदाब दारातच मोजून त्याला घाबरवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करण्याचा अधिकार आपला नाही. संथ श्वसनाने रक्तदाब उतरू लागला तरी मात्रा कमी करायची का, हे डॉक्टरच ठरवतील. ‘सर्वांगासनाने थायरॉईडची गोळी सुटेल’ असली आश्वासने देणाऱ्यांच्या दारात आज गर्दी असेल, उद्या तक्रारी असतील.

सभागृहातले विद्यार्थी अलीकडे आमच्याकडे येऊ लागले आहेत, बहुतेक मान किंवा कंबर धरून. येताना ते तिथले पत्रक दाखवतात. रकाने आमचेच, क्रमही आमचाच. ‘काय करायचे नाही’ हा शेवटचा रकाना तेवढा छापताना गाळलेला आहे. बॅचमध्ये तो पाळणार तरी कसा? आम्ही तो कागद परत देतो आणि पहिली मुलाखत नव्याने घेतो. तिला तासभर लागतो, आणि त्या दिवशी एकही आसन शिकवले जाणार नाही, हे वेळ ठरवतानाच सांगितले जाते.