कोच जाणार का, आणि सात नंबरचं बीपी

डायलिसिस युनिटमध्ये मंगळवार हा सगळ्यात जड वार. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा पाळीतल्या पेशंटांना शनिवारनंतर थेट मंगळवारीच मशीन मिळतं. मधल्या दिवसांत जे काही पोटात गेलं, त्यातलं पाणी अंगातच राहतं, कारण ते बाहेर टाकणारी किडनी संपावर असते. त्यामुळे मंगळवारी दारातल्या काट्यावर एकेकाचं वजन बघितलं की वीकेंड कसा गेला ते वेगळं विचारावं लागत नाही. चिप्सचं पाकीट, पिझ्झा, लोणच्याची काकडी, सगळं काट्यावर उमटतं.

ही गोष्ट मार्च 2018 मधली. मी तेव्हा अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या एका सेंटरमध्ये नर्स होते. 20 मार्च, मंगळवार, दुसरी शिफ्ट. नावं अर्थातच देत नाही, आम्हीही कामात खुर्चीच्या नंबरानेच बोलायचो. सात नंबर काट्यावर उभा राहिला आणि त्याच्या ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, पाच किलो जास्त आलं. सत्तरीचा, निवृत्त इलेक्ट्रिशियन, अंगाने दणकट.

"काय झालं?" मी विचारलं.

"प्रिन्स्टन झालं," तो म्हणाला, आणि जाऊन खुर्चीत बसला.

हे कळायला आधी थोडं सांगायला हवं. मिनेसोटात हॉकी म्हणजे बर्फावरची. हिवाळ्यात तळी गोठतात, पोरं चालायला लागली की पायात स्केट्स चढतात, आणि शाळेच्या राज्य स्पर्धेला मोठी माणसं रजा काढून जातात. या सगळ्यावर मिनेसोटा विद्यापीठाची टीम, गोफर्स. तिच्या कोचची खुर्ची साधी नव्हे. सत्तरच्या दशकात हर्ब ब्रूक्सने या टीमला 1974, 1976 आणि 1979 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली आणि लगेच 1980 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॉलेजची पोरं घेऊन सोव्हिएत संघाला हरवलं. त्यानंतर जो कोणी येईल त्याची तुलना कोणाशी होणार ते उघड आहे.

2018 साली त्या खुर्चीवर डॉन लुसिया होता. 1999 पासून. त्याने 2002 आणि 2003 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं आणली, आणि पुढची पंधरा वर्षं एकही नाही. 2014 ला फायनलपर्यंत गेले, तिथे युनियन नावाच्या छोट्या कॉलेजने 7-4 ने हरवलं. 2006 ची जखम त्याहून खोल. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत होली क्रॉसने ओव्हरटाइममध्ये 4-3 ने बाहेर काढलं. होली क्रॉस म्हणजे कोणाच्या खिजगणतीत नसलेली टीम. सात नंबर हे दोन शब्द शिवीसारखे उच्चारायचा.

आणि आता हा सीझन. 19 विजय, 17 पराभव, 2 बरोबरी. आपल्याच बिग टेन लीगच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत पेन स्टेटकडून बाहेर. तरी राष्ट्रीय स्पर्धेची आशा होती, कारण तिथे सोळा टीम जातात, सहा लीगचे विजेते थेट आणि उरलेल्या दहा गणिताने. पेअरवाइज म्हणायचे तेव्हा त्याला. तुमचे सामने, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने, सगळं मिळून आकडा निघायचा. निवड समिती असते, पण कोण आत आणि कोण बाहेर यात तिचं मत चालत नाही. म्हणजे स्वतःचा सीझन संपलेल्या गोफर्सना दुसऱ्यांच्या मॅचेस बघत बसायचं होतं. शनिवारी, 17 तारखेला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, आमचे पेशंट चार तास रक्त शुद्ध करून घरी गेले आणि रात्रभर टीव्हीसमोर बसून खारे दाणे खात राहिले. प्रिन्स्टनने क्लार्कसनला ओव्हरटाइममध्ये हरवून आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं आणि एक जागा खाल्ली. इतर निकालही असेच फिरले. शेवटची जागा मिनेसोटा-डुलुथला मिळाली. फरक 0.0001 चा.

माझ्या पेशंटांपैकी निम्मे किडनीच्या वेटिंग लिस्टवर होते. यादीतली आपली जागा, गुण, कोण पुढे सरकलं, या गोष्टी त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन नंबरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दशांश चिन्हानंतर चौथा आकडा. माझी क्रिएटिनिनसुद्धा इतकी बारीक मोजत नाहीत."

सातच्या समोर आठ नंबर. या आजी लुसियाच्या बाजूच्या. यांची मुलं हॉकी खेळलेली, नातवंडं खेळत असलेली. 2002 ची फायनल त्यांनी सेंट पॉलमध्ये स्टेडियममध्ये बसून बघितलेली. शेवटचं मिनिट उरलं असताना गोफर्सनी मेन विद्यापीठाशी बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये ग्रँट पोटुल्नीने गोल मारला. पोटुल्नी नॉर्थ डकोटाचा. मिनेसोटाच्या टीममध्ये मिनेसोटाचीच पोरं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता, तो लुसियाने या पोराला आणून मोडला होता. तेव्हा किती लोकांनी नाकं मुरडली होती आणि गोल झाल्यावर तीच नाकं कुठे गेली, हे आजी प्रत्येक वेळी नव्याने सांगायच्या.

अकरा नंबर डुलुथचा. तो त्या दिवशी काहीच बोलत नव्हता, नुसता हसत होता. त्याचंच सातला जास्त लागत होतं.

मी सातला सुया टोचल्या, पंधरा गेजच्या दोन, डाव्या हाताच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जाड केलेल्या शिरेत. पाच किलो पाणी चार तासांत ओढणं त्याच्या वजनालाही जास्तच होतं. डॉक्टरांना फोन करून अर्धा तास वाढवून घेतला. हे त्याला सांगितल्यावर त्याने त्याचंही खापर कोचवर फोडलं.

मग सुरू झालं. सातचं म्हणणं, एकोणीस वर्षं पुरे झाली. देशातली सगळ्यात चांगली पोरं इथे येतात, अर्धे एनएचएल या व्यावसायिक लीगच्या टीमनी आधीच निवडलेले असतात, आणि तरी टीम झोपल्यासारखी खेळते. गोफर्सच्या मारियुची अरेनात दहा हजार खुर्च्या, त्यातल्या किती रिकाम्या दिसतात बघा. आजींचं म्हणणं, रिकाम्या खुर्च्यांना लुसिया काय करणार? 2013 मध्ये विद्यापीठाने जुनी डब्ल्यूसीएचए लीग सोडली आणि बिग टेनमध्ये गेलं. नॉर्थ डकोटा, सेंट क्लाउड, डुलुथ, ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर, त्या मॅचेस लीगमधून गेल्या. "आता मी पेन स्टेटचा राग राग करायला शिकू का, या वयात?"

हे मला लगेच समजलं. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणची फुटबॉल मॅच असली की आमच्या पेठेत कोण कोणाशी बोलतं आणि कोण नाही, हे बघत वाढले. तिथली मॅच काढून तुम्ही लांबच्या शहरातली कितीही भारी टीम आणून उभी केलीत तरी स्टेडियम तसं भरणार नाही. खुन्नस विकत मिळत नाही. माझ्या मते आजींचा हा मुद्दा बिनतोड होता, आणि तरीही सात नंबरही चूक नव्हता. साडेचारशेहून जास्त मॅचेस जिंकलेल्या माणसाचे उपकार मानावेत, पण उपकार म्हणून खुर्ची द्यायची नसते. दोघांना वेगवेगळ्या गोष्टींचा राग होता आणि कोच मधे सापडला होता. लीग बदलणाऱ्यांचे चेहरे कोणाला माहीत नसतात. बाकामागे उभा असलेला कोच सगळ्यांना दिसतो.

सात बोलताना हातवारे करायचा, आणि नेमका डाव्या हाताने. हात हलला की सुई शिरेच्या भिंतीला टेकते, प्रेशर चढतं, मशीन ओरडतं. होली क्रॉसला एकदा, युनियनला एकदा आणि पेन स्टेटला दोनदा अलार्म वाजला. आमचा सोमाली टेक्निशियन, त्याला हॉकीचं काडीचं प्रेम नाही, तो प्रत्येक वेळी अलार्म बंद करून म्हणायचा, "तुम्ही उजव्या हाताने हरा."

शिफ्ट निम्मी उलटली असेल. तीन नंबरच्या बाई फोन बघत होत्या. त्या म्हणाल्या, "गेला. लुसियाने पद सोडलं."

एकदम सगळे बोलायला लागले. आजींनी डोळे पुसले. कोणी म्हणालं काढलंच असणार, कोणी म्हणालं स्वतःहून गेला, मानाने गेला. अकरा नंबर पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "चांगला कोच होता." डुलुथच्या माणसाने म्हणावं म्हणजे विशेषच. या गलक्यात मी चार नंबरचा चार्ट लिहीत होते आणि काहीतरी खटकलं. सात नंबरचा आवाज येत नव्हता.

डायलिसिसच्या नर्सला बडबड्या पेशंटची बडबड हा फुकटचा मॉनिटर असतो. पाणी भरभर ओढलं जातं तेव्हा बीपी पडतं, आणि ते पडताना माणूस ओरडत नाही. जांभई देतो, नजर कुठेतरी लागते, गप्प होतो. ज्या बातमीची हा माणूस बारा वर्षं वाट बघत होता ती आली आणि हा काहीच बोलत नाही, हे शक्य नव्हतं. मी वळले तर त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आणि ओठ पांढरे.

कफ फुगवला. 72 वर 38. खुर्ची मागे पाडली, पाय वर केले, पाणी ओढणं थांबवलं, सलाईन सोडलं. टेक्निशियन न बोलवता आला आणि त्याने ऑक्सिजन लावला. मी नाव घेऊन हाक मारत होते, तो डोळे उघडून माझ्याकडे बघत होता, पण मी दिसत होते की नाही कोण जाणे. आठ नंबरच्या आजी समोरून ओरडल्या, "ए, आता मरू नकोस हां! जिंकलास तू!" असं युनिटमध्ये ओरडणं नियमात बसत नाही, पण मी त्यांना गप्प केलं नाही.

परत मोजलं. 88. मग 104. गालांवर रंग आला. त्याने मास्क बाजूला करायचा प्रयत्न केला, मी हात धरला. त्याने मास्कच्या आतूनच विचारलं, "मग आणतायत कोणाला?"

मला हसू आवरेना. तीन नंबरच्या बाईंनी तिथल्या तिथे बॉब मोट्झकोचं नाव घेतलं. सेंट क्लाउडचा कोच, मूळचा मिनेसोटाचाच, आणि 2002 आणि 2003 ला लुसियाचा असिस्टंट होता. त्या वर्षी त्याची टीम देशात अव्वल मानांकित होती. सात नंबर, पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत, म्हणाला की चालेल.

त्या दिवशी पाचपैकी साडेतीन किलोच काढता आलं. उरलेल्यासाठी बुधवारी जादा यायला सांगितलं, तो कुरकुरत आला. खारे दाणे बंद, यावर मी त्याला दहा मिनिटं ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्यावर त्याचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही.

शुक्रवारी मोट्झकोच्या सेंट क्लाउडला राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत एअर फोर्स अकादमीच्या टीमने 4-1 ने हरवलं. पुढच्या आठवड्यात तोच मोट्झको गोफर्सचा कोच म्हणून जाहीर झाला. आणि 7 एप्रिलला डुलुथने, त्या 0.0001 वाल्या डुलुथने, सेंट पॉलमध्ये, 2002 च्या त्याच स्टेडियममध्ये, नोत्र दामला 2-1 ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पुढच्या मंगळवारी अकरा नंबर डुलुथचा स्वेटर घालून आला आणि सगळ्यांना दिसेल असा खुर्चीवर बसला. मी त्याला बाही वर करायला सांगितली, तर म्हणाला, आज स्वेटर काढणार नाही, कापायची असेल तर कात्रीने बाही काप. मी कापली नाही, दुमडून दुमडून खांद्यापर्यंत नेली. सात नंबर तोपर्यंत काट्यावर होता. तीन किलो. मोट्झकोला किती वर्षं द्यायची यावर त्याचं आणि आजींचं तिथेच सुरू झालं. आजी म्हणाल्या पाच. तो म्हणाला दोन, आणि एअर फोर्सचं एक वजा.