गेटवे पिंग होतोय, पण नेट नाही : अकरा दिवसांचा माझा अनुभव

सगळ्यात आधी एक सांगते, कारण हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर अकरा दिवस वाचले असते. घरात किंवा ऑफिसात दोन राउटर असतील आणि नेट येऊन-जाऊन चालत असेल, तर कंपनीला फोन करायच्या आधी दुसऱ्या राउटरची केबल काढा आणि दहा मिनिटं थांबून बघा. बस. बाकीचं खाली लिहितेय ते ज्यांना पूर्ण वाचायचंय त्यांच्यासाठी.

आमचं कनेक्शन एकच, मजले तीन. खाली आम्ही, मध्ये मोठे दीर आणि जाऊबाई, वर पुतण्या. फायबरचा डबा आणि मेन राउटर खाली, तिथून एक केबल वर गेलीय आणि वर आमचाच जुना राउटर नुसता वाय-फाय पसरवायला लावलाय. दोन्ही राउटरना वाय-फायचं नाव तेच, पासवर्ड तोच, त्यामुळे फोन घेऊन जिन्यात वर-खाली केलं तरी काही करावं लागत नाही. दोन वर्षं हे सगळं व्यवस्थित चाललं.

मग एका सोमवारी वरचं नेट गेलं. वाय-फायच्या दांड्या फुल, पण काहीच उघडत नाही. मधल्या मजल्यावर पाच मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बंद. आमच्याकडे खाली क्वचितच अडायचं, पण नेमकं मीटिंगमध्ये अडायचं. मी राउटर बंद करून चालू केला, थोडा वेळ सगळीकडे छान चाललं आणि परत तेच. या 'थोडा वेळ छान चाललं'मुळेच मी पुढचे सगळे दिवस चुकीच्या जागी शोधत राहिले.

मी लॅपटॉपवर जे येतं ते सगळं केलं. आयपीकॉन्फिग मारलं, म्हणजे लॅपटॉपचे नेटवर्कचे आकडे दाखवणारी कमांड. पत्ता १९२.१६८.०.१०४, गेटवे म्हणजे बाहेर नेटवर जायचा दरवाजा, आपला राउटर, १९२.१६८.०.१, मास्क म्हणजे घरचं नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०, सगळं जसं हवं तसं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर कळलं असतं की राउटरकडून पत्ताच मिळत नाहीये, पण तसंही नव्हतं. गेटवेला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली, लगेच उत्तर. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला पिंग केलं, उत्तर नाही. कुणीही याचा अर्थ काय काढेल? राउटरपर्यंत ठीक आहे, पुढे लाईन गेलीय. मीही तोच काढला आणि कस्टमर केअरला फोन लावला.

आणि इथून जे सुरू झालं त्याचा राग मला अजून आहे. "मॅडम, आमच्याकडे लाईन ओके दाखवतेय, राउटर एकदा बंद करून चालू करा." केला. थोडा वेळ चाललं. "बघा मॅडम, झालं ना." तक्रार बंद! तासाभरात परत नेट गेलं की परत फोन, परत नवीन तक्रार नंबर, परत पहिल्यापासून सगळी कहाणी, परत तोच प्रश्न, लाल दिवा लागलाय का. लाल दिवा कधीच लागला नव्हता आणि हे मी चार वेळा चार वेगवेगळ्या माणसांना सांगितलं. चौथ्या वेळी त्यांचा माणूस आला, त्याने राउटर बाजूला काढून स्वतःचा लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला लावला, स्पीड टेस्ट केली, पूर्ण स्पीड. "मॅडम, प्रॉब्लेम तुमच्या बाजूला आहे" म्हणाला आणि निघाला. त्याचं म्हणणं खरं होतं हे मला आता मान्य आहे, पण 'तुमच्या बाजूला' म्हणजे कुठे, काय बघायचं, एक वाक्य तरी सांगायचं की नाही? घरात दुसरा राउटर आहे का, एवढा एकच प्रश्न अकरा दिवसांत एकानेही विचारला नाही.

मधे मी डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून १.१.१.१ केला. त्याचा काही संबंधच नव्हता, कारण आकड्यांचा पत्ताच पिंग होत नव्हता. हे लक्षात ठेवा, आकडे पिंग होतात पण साईटचं नाव टाकल्यावर उघडत नाही, तेव्हा डीएनएसकडे बघायचं. आकडेच होत नसतील तर तिकडे वेळ घालवू नका.

दोन खुणा माझ्या समोर होत्या आणि दोन्ही मी सोडून दिल्या. एक म्हणजे प्रिंटर. तो मधेच ऑफलाईन व्हायचा आणि एकदा लॅपटॉपवर आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्टचा मेसेज आला होता, म्हणजे दोन वस्तूंना एकच पत्ता मिळालाय. दुसरी खूण जास्त मोठी. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून मी राउटरचं लॉगिन पान उघडलं तर माझा पासवर्ड चुकीचा म्हणाला. तीनदा टाकला, तीनदा चुकीचा. अर्ध्या तासाने तोच पासवर्ड चालला! मला वाटलं राउटर खराब व्हायला लागलाय, मी नवीन राउटर बघायलाही घेतला होता. पण ते पान माझ्या राउटरचं नव्हतंच. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे, पान दिसायला अगदी सारखं, फक्त वरच्या कोपऱ्यातला मॉडेल नंबर वेगळा होता आणि तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

शेवटी अकराव्या रात्री मी एआरपी हायफन ए ही कमांड मारली. कॉम्प्युटर नेटवर्कवर हाक मारतो की १९२.१६८.०.१ कोण आहे, आणि जो उत्तर देतो त्याचा मॅक ॲड्रेस म्हणजे मशीनचा स्वतःचा पत्ता लिहून ठेवतो. ती यादी या कमांडने दिसते. नेट चालू असताना गेटवेसमोर शेवटचे आकडे होते ४१-०७-९२. नेट अडकलं, परत कमांड मारली, ३८-६५-१०. गेटवे तोच, मशीन वेगळं. मॅक ॲड्रेसची पहिली सहा अक्षरं कंपनीची असतात, ती दोन्हीकडे सारखीच होती, म्हणून फरक शेवटी शेवटी दिसला. मी खालचा राउटर उलटा केला, मोबाईलचा टॉर्च लावून स्टिकर वाचलं, ४१-०७-९२. मग वर गेले. पुतण्या जागाच होता. टेबलामागून धुळीने भरलेला जुना राउटर काढला, स्टिकर पुसलं, ३८-६५-१०.

"काकू, मी तो मागे रिसेट केला होता, वाय-फाय स्लो होतं म्हणून," तो म्हणाला. "नाव-पासवर्ड परत तेच टाकले की." पिन टोचून रिसेट केला की राउटर कंपनीतून आला तसा होतो. मी दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या वस्तूंना पत्ते वाटायचं काम, परत चालू झालं आणि त्याचा स्वतःचा पत्ता परत १९२.१६८.०.१ झाला, म्हणजे मेन राउटरचाच. एका घरात दोन गेटवे, दोघंही पत्ते वाटतायत, दोघंही पिंगला उत्तर देतायत आणि त्यातल्या एकाकडे नेटच नाही. ज्याला वरच्याचं उत्तर मिळालं तो अडकला. मी खाली लॅपटॉपवर ८.८.८.८ ला सलग पिंग लावून ठेवलं, त्यासाठी पुढे हायफन टी टाकायचं, आणि पुतण्याला म्हटलं केबल काढ. रिक्वेस्ट टाइम्ड आउटच्या ओळी चालल्या होत्या, अर्ध्या मिनिटाच्या आत रिप्लाय यायला लागले ते थांबलेच नाहीत. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो शब्दांत नाही सांगता येणार.

दुरुस्ती वीस मिनिटांची. जुना राउटर मेनपासून तोडलेला ठेवायचा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून केबलने थेट त्याला लावायचा. आधी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.०.२ करायचा, परत लॉगिन करायचं आणि मग डीएचसीपी बंद. क्रम उलटा केला तर राउटर लॅपटॉपला पत्ता देणार नाही, मग लॅपटॉपवर हाताने १९२.१६८.०.५० असं काहीतरी टाकून आत जावं लागतं. आपण दिलेला पत्ता मेन राउटर जे पत्ते वाटतो त्या रेंजच्या बाहेर हवा, आमचा १०० ते १९९ वाटतो म्हणून २ चालला. खालून येणारी केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातल्या वस्तू लावायच्या भोकात घालायची, बाहेरचं नेट लावायच्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात नाही. नवीन राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे नुसता वाय-फाय पसरवायचा पर्याय असतो, तो निवडला की यातलं बरंचसं आपोआप होतं. शेवटी सगळ्यांच्या फोनचं वाय-फाय एकदा बंद-चालू, लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग रिलीज आणि मग रिन्यू, म्हणजे जुना पत्ता सोडून नवीन घ्यायचा.

आता दोन्ही राउटरवर मार्करने पत्ता लिहिलाय आणि वरच्याच्या रिसेटच्या भोकावर टेप चिकटवलीय.

अजून एक राहिलं. दोन राउटरचं वाय-फाय एकाच चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर ठेवू नका. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे एकमेकांवर येत नाहीत, आमचा खालचा १ वर आणि वरचा ११ वर आहे. पुतण्याचं मूळचं स्लो वाय-फाय, ज्यासाठी त्याने पिन टोचली होती, ते यानेच सुटलं.