आज माशांच्या टाकीचा पीएच (आकडा जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी) ६ च्या खाली

अमोनियाही चढलाय, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. आपल्या गोव्यातलं जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी. टाकीत तयार होणारं आम्ल अडवायला काही उरत नाही, मग फिल्टरमधले अमोनिया संपवणारे जिवाणू मंदावतात.

घाईने अर्धं पाणी बदलू नका! पीएच कमी असताना अमोनिया बहुतेक सौम्य अमोनियमच्या रूपात असतो; पीएच एकदम वाढला की त्याचा विषारी अमोनिया होतो. रोज १० टक्केच बदला. खाणं दोन दिवस बंद. तिसऱ्यांचे (खायच्या शिंपल्यांचे) रिकामे शिंपले उकळून, घासून, मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. ते सावकाश विरघळतात आणि पीएच सावरतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणं कधीच नको, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा.