जरा मिड्स वाढव

बँडमधे बेस गिटार वाजवणारे बरेचसे लोक मुळात बेस वाजवायला आलेलेच नसतात. दोन गिटारवाले झालेले असतात, ड्रमर मिळालेला असतो, गाणारा तर असतोच (गाणारे नेहमी असतातच), मग सगळे एकमेकांकडे बघतात आणि ज्या गिटारवाल्याचे सोलो जरा बेताचे त्याच्यावर येऊन नजरा थांबतात. मी असाच बेसिस्ट झालो. तात्पुरतं म्हणून घेतला होता हातात, कुणी दुसरा मिळेपर्यंत, आणि मग एकदा प्रॅक्टिसला ड्रमरची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि माझी नोट अशी काही एकाच क्षणी पडली की दोन वाद्यं आहेत हेच कळेना, छातीत नुसता एक धक्का. त्यानंतर कुणी दुसरा मिळू नये असंच वाटायला लागलं.

आता लोकांचे प्रश्न. "तू गिटारच वाजवतोस ना?" हा नेहमीचा. "याला चारच तारा का, दोन तुटल्या का?" हा दुसरा, आणि विचारणाऱ्याला दरवेळी वाटतं की हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला. मी हसतो. गिगनंतर, म्हणजे कार्यक्रमानंतर, मित्र येऊन सांगतात की मस्त झालं, गाणारा काय गातो, ड्रमर तर खतरनाक, आणि मग माझ्याकडे बघून क्षणभर थांबून, "तू पण छान."

खरी गंमत मात्र सामानाची आहे. हौशी माणसाला वाजवायला वेळ कमी आणि विचार करायला भरपूर, त्यामुळे रात्री झोपायच्या आधी अर्धा तास रियाज करायचा तर तो अर्धा तास व्हिडिओ बघण्यात जातो, एक माणूस एकच लाइन आठ वेगवेगळ्या पेडलमधून (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या) वाजवून दाखवतो, आणि आपल्याला खात्री पटते की आपल्या वाजवण्यात जे काही कमी आहे ते त्या पाचव्या डबीत आहे. मग ती डबी घरी येते. कंप्रेसर येतो. प्रीअँप येतो. मग या सगळ्याला करंट पुरवायला पॉवर सप्लाय, आणि ते सगळं ठेवायला बोर्ड, आणि बोर्ड न्यायला बॅग.

घरी एकट्याने वाजवताना मग आपला आवाज जमतो. आणि तो सगळ्यांचा एकाच पद्धतीने जमतो असं माझं निरीक्षण आहे: बेसचं (खालच्या सुरांचं) बटण वर, ट्रेबलचं (वरच्या सुरांचं) वर, मिड्सचं (मधल्या सुरांचं) खाली. काय भारी वाटतं! खाली गडगडाट, वर तारांचा चकचकीत आवाज, मधे काही नाही. तोच आवाज घेऊन प्रॅक्टिसला गेलं की बेस नाहीसा होतो. म्हणजे काहीतरी घुमतंय एवढं कळतं, पण कुठली नोट आहे ते मलाही कळत नाही. खालचा मजला किकने घेतलेला असतो, वरचा झांजांनी आणि गिटारवाल्यांनी, रिकामी जागा उरते ती नेमकी मधे, आणि तिथलंच सगळं मी हौसेने काढून टाकलेलं. आमचा ड्रमर फार बोलत नाही, दोन गाणी झाल्यावर काड्या मांडीवर ठेवून एवढंच म्हणाला, "जरा मिड्स वाढव रे."

वाढवले. एकट्याने ऐकलं तर नाकात बोलल्यासारखा, अगदी रुक्ष आवाज. असा आवाज व्हिडिओत ऐकला असता तर मी ते पेडल घेतलं नसतं. पण सगळे मिळून वाजवायला लागलो आणि बेस एकदम समोर आला, प्रत्येक नोट सुटी सुटी, आवाज तेवढाच ठेवून. म्हणजे घरी जे विकत घ्यावंसं वाटतं आणि बँडमधे जे लागतं ते जवळजवळ एकमेकांच्या उलटं आहे, आणि सगळी दुकानं, सगळे डेमो पहिल्याच प्रकारावर चालतात, कारण विकत घेताना माणूस एकटाच असतो ना.

यात कानाचाही हात आहे. आपली सगळ्यात जाड तार, ई ची, मोकळी वाजवली की तिचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा. इतक्या खालच्या सुरांना माणसाचा कान तसा मंदच, ते ऐकू यायला आवाज खूप मोठा लागतो, आणि बरेच बेस स्पीकरसुद्धा तिथे पोचेपर्यंत दमलेले असतात. आपल्याला ई ऐकू येते ती बरीचशी वरच्या ८२, १२३ वगैरे हार्मॉनिक्समधून, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या सुरांमधून, मेंदू ते ऐकतो आणि खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून तर गिगचं फोनवरचं रेकॉर्डिंग फोनवरच ऐकलं तरी बेसलाइन पुसटशी का होईना कळते, त्या टिचभर स्पीकरातून ४१ हर्ट्झ येणं शक्यच नसताना. अर्थात मिड्स असतील तर. नसतील तर त्या रेकॉर्डिंगमधे तुम्ही हजरच नसता, नुसते हलताना दिसता.

आणि स्टेजवर आपला आवाज आपल्याला ऐकू न येणं हे तर बेसवाल्यांचं जुनं दुखणं. यावर एक थिअरी बरेच जण सांगतात, की बेसची लाट सव्वाआठ मीटर लांब असते, ती पूर्ण व्हायला तेवढं अंतर जावं लागतं म्हणून जवळ उभं राहिलं की ऐकू येत नाही. लांबी बरोबर आहे, बाकी थापा आहेत. तसं असतं तर हेडफोनमधे बेस कधी ऐकूच आला नसता. खरं कारण जास्त साधं आणि जास्त चिडवणारं आहे: अँप जमिनीवर ठेवलेला असतो आणि मिड्स-ट्रेबल स्पीकरमधून सरळ समोर जातात, म्हणजे ज्या भागामुळे नोट ओळखू येते तो सगळा आपल्या पोटऱ्यांना ऐकवला जातो. पोटऱ्या काही बोलत नाहीत. आपण मात्र "ऐकू येत नाही" म्हणून आवाज वाढवतो, आणि पंधरा फुटांवर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं उठतं. अँप जरा तिरका करून तोंड वर केलं किंवा सरळ खुर्चीवर ठेवला की निम्मं भांडण मिटतं.

उरलेलं निम्मं खोलीचं. एवढ्या लांब लाटा भिंतींवर आपटून परत येतात, एकमेकींत मिसळतात, आणि मग हॉलमधे एका जागी बेस नुसता धबधबत असतो आणि चार पावलं सरकलं की गायब. नोटनुसार पण फरक. ए वाजवली की खिडकीची काच थरथरते, तिच्या शेजारची बी वाजवली की जणू तारेला हात लागलाच नाही. कोपऱ्यात अँप ठेवला तर सगळंच फुगतं. साउंडचेकला मी लांब वायर लावून हॉलच्या मधे जाऊन वाजवून बघतो, तेव्हा कळतं की स्टेजवर जे ऐकू येतं त्याचा आणि लोकांना जे ऐकू येतं त्याचा संबंध फार दूरचा आहे.

त्यातून मोठ्या जागी आपला अँप लोकांना ऐकवतच नाहीत. साउंडवाला येतो, बेसची वायर डीआयच्या डबीत घालतो, एक वायर त्याच्या मिक्सरकडे जाते आणि एक आपल्या अँपकडे. म्हणजे ज्या स्पीकरसाठी पाठ मोडून घेतली तो फक्त माझ्या समाधानासाठी वाजत असतो. साउंडचेक पण बघा, किकवर दहा मिनिटं जातात, धप, धप, धप, अजून एकदा, धप, मग स्नेअर, मग एकेक टॉम, आणि मग, "बेस द्या दादा." मी दोन आवडत्या लाइन्स तयार ठेवलेल्या असतात, पहिलीच्या तिसऱ्या नोटला आवाज येतो, "ओके, गिटार." पहिल्यांदा वाईट वाटायचं. आता वाटतं की चांगलंच आहे, सिग्नल स्वच्छ असेल तर त्याला बोलण्यासारखं काही उरत नाही.

जुन्या काळी वजनाची वेगळीच परीक्षा होती. अँपेग कंपनीचा १९६९ मधे आलेला एसव्हीटी अँप ३०० वॉटचा, सगळा व्हॉल्व्हवर चालणारा, आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाट, ज्याला सगळे फ्रिज म्हणतात, आणि उचलून बघितलं की नाव का पडलं ते कळतं. एका जागी तो आधीपासून ठेवलेला होता, मला लावायला मिळाला, आणि पहिली ई वाजवली तेव्हा पँटचा कपडा हलला, खोटं सांगत नाही. घरी येऊन त्याच्या किमती शोधल्या. मग आमच्या जिन्याकडे बघितलं आणि शोध बंद केला. आता क्लास डी नावाचे हलके अँप पुस्तकांच्या शेजारी बॅगेत बसतात आणि वॉटचे आकडे फ्रिजपेक्षाही मोठे सांगतात. त्या आकड्यांनी पण फार हुरळून जाऊ नये, वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. तेवढ्याच पैशात दुसरा स्पीकर घेतला तर जास्त फरक पडतो, हे मला पटलेलं आहे, तरी नवीन अँपचं पान उघडं असतंच.

हमचं, म्हणजे अँपमधून सतत येणाऱ्या गुणगुणीचं, सांगायचं राहिलं. सिंगल कॉइल पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग) बेस असेल तर आजूबाजूच्या वायरी, ट्रान्सफॉर्मर, लाइटचे डिमर, सगळ्यांची गुणगुण तो उचलतो. फेंडर कंपनीने १९५७ मधे प्रिसिजन बेसच्या पिकअपचे दोन तुकडे करून एकमेकांची हम मारायची सोय केली, आणि १९६० मधे आलेल्या जॅझ बेसच्या आजकालच्या दोन पिकअपचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की हम जाते. माझा जॅझ बेस आहे आणि मला एकटा मागचा पिकअप आवडतो, म्हणजे हम पदरात. एका प्रोग्रामला डिमरवाले लाइट इतके होते की गाणी संपली की माझीच मैफल सुरू. यावर एक उपाय असा की बेसचं तोंड फिरवायचं, एका विशिष्ट कोनात हम बरीच कमी होते, आणि तो कोन त्या दिवशी नेमका लोकांकडे पाठ करून उभं राहण्याचा निघाला. पूर्ण कार्यक्रम तसा वाजवला. नंतर एक मुलगा येऊन म्हणाला, "तुमचा स्टेजवरचा ॲटिट्यूड भारी आहे." मी थँक्यू म्हणालो.

तारांच्या बाबतीत मी आता जेम्स जेमरसनच्या पक्षात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची १९६० च्या दशकातली कितीतरी गाणी वाजवलेला माणूस, उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही, आणि रेकॉर्डिंगला बेस बरेचदा सरळ मिक्सरमधे. ना पेडल ना बोर्ड. त्याचा आवाज ऐकला तर चकचकीत असं काही नाहीच, सगळं मधलं. मी फ्लॅटवाउंड लावल्या तेव्हा पहिले दोन दिवस वाटलं की गिटारवर कुणी ब्लँकेट टाकलंय, आणि बँडमधे गेल्यावर कुणाला काही कळलंच नाही, फक्त ड्रमरने मान हलवली. बेसवाल्याला एवढं पुरतं. मी उभा पण त्याच्या हायहॅटच्या बाजूला राहतो, तिथून किकचा पाय दिसतो, आणि पाय दिसला की पुढची नोट कुठे पडणार ते आवाजाच्या आधी कळतं. फक्त त्या बाजूच्या कानात फोमचा बोळा हवाच, झांजा कानाला सोडत नाहीत. आणि फोम वरचे सूर जास्त अडवतो, खालचे कमी, त्यामुळे बोळे घातल्यावर बेस उलट बरा ऐकू येतो, हा फुकटातला फायदा. आत्तापर्यंत आवाजासाठी केलेल्या खरेदीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी.

बोर्ड आता घरीच असतो. गिगला बेस, ट्यूनर, छोटा अँप, दोन वायरी, चिकटपट्टी, आणि ड्रमरच्या सांगण्यावरून एक टॉर्च, कारण त्याचं काहीतरी दरवेळी अंधारात पडतं. आणि नऊ व्होल्टची बॅटरी, माझ्यासाठी नाही, माझ्या जागी कधीमधी वाजवायला येतो त्या मुलाचा बेस ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, आहे आणि जॅक घुसवला की वाजवा न वाजवा बॅटरी चालूच राहते, तो जॅक काढत नाही.

सध्या डोक्यात फ्रेटलेस, म्हणजे दांड्यावर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेला बेस, घोळतोय. लिओ फेंडरने १९५१ मधे जो बेस बाजारात आणला त्याला फ्रेट होते म्हणून गिटारवाल्यांनाही सूर नेमका धरता यायला लागला, आणि मग जाको पास्टोरियस या बेसवाल्याने फ्रेट काढलेल्या जॅझ बेसच्या पट्टीवर इपॉक्सीचा थर चढवून तो असा काही गायला लावला की तेव्हापासून माझ्यासारखे लोक रात्री जागतात. त्या आवाजात सगळे मिड्सच आहेत हो, म्हणजे तत्त्वतः मी योग्य मार्गावरच आहे. ड्रमरला हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की फ्रेट असलेल्या बेसवर दुसऱ्या गाण्याचा ब्रिज (मधला भाग) शनिवारपर्यंत बसेल का.