तुमच्याकडे संडास किती?

न्यूक्लियर मेडिसिनच्या बाहेर बाकड्यावर शेजारी बसलेल्या ताईंनी मला पहिला प्रश्न हाच विचारला. नाव-गाव काही नाही, पेशंट तुमचे कोण तेही नाही. त्यांच्या मिस्टरांचा पहिला डोस होता आणि हातात तो सूचनांचा कागद, घडी घालून घालून मऊ पडलेला. मी म्हटलं, एकच. "मग कसं केलंत हो?" तेव्हा आत नंबर लागायच्या आधी सांगता आलं तेवढं सांगितलं, पण घरी येताना वाटलं की हे जरा नीट लिहूनच टाकावं, कारण ल्युटेशियम, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं ते किरणोत्सारी औषध, म्हणून शोधलं की सगळं सापडतं, फक्त वन बीएचकेत ते निभवायचं कसं हे काही सापडत नाही.

आमचे बाबा ७४. ठाण्यात लोकमान्य नगरला राहतात, आई आणि ते, मी ऐरोलीला. ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत ३१ वर्षं फिटर होते. २०१९ मध्ये कंबर धरली म्हणून महिनाभर मलम चोळत बसले, मग एक्स-रे, मग पीएसए ही रक्ताची तपासणी, मग कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि हाडात गेलाय. त्यानंतरचं ज्यांच्या घरात आहे त्यांना माहितीच आहे, दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन, मग अबिराटेरॉनच्या गोळ्या, मग डोसिटॅक्सेल या केमोचे सहा डोस, आणि प्रत्येक वेळी पीएसए खाली जातो, आपण पेढे आणायच्या बेतात असतो आणि तो परत चढायला लागतो. ९६ झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले आता पीएसएमए पेट स्कॅन करू आणि बसत असेल तर ल्युटेशियम देऊ.

बसत असेल तर म्हणजे काय, तर या कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं एक प्रोटीन भरपूर असतं, त्याला जाऊन चिकटणारा एक रेणू आहे आणि त्या रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडलेलं असतं. शिरेतून सोडलं की ते रक्तातून फिरत फिरत जिथे जिथे ते प्रोटीन दिसेल तिथे जाऊन बसतं आणि तिथूनच किरण मारतं, दोन मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे बाजूच्या चांगल्या भागाला त्रास कमी. स्कॅनमध्ये आधी ल्युटेशियमऐवजी गॅलियम लावून बघतात की गाठी ते पकडतायत का, नसतील पकडत तर हे औषध देऊन उपयोग नाही. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बाबा म्हणाले, "म्हणजे नट बघून पाना." डॉक्टर हसले, मी पण, पण खरं सांगायचं तर मी दोन रात्री जे वाचत होते ते बाबांना चार शब्दांत कळलं होतं.

बिल्डिंगमध्ये सगळे विचारतात "लाईट घेतायत का?" त्यांना कसं सांगणार की मशीनखाली झोपवून देतात ती लाईट वेगळी आणि ही वेगळी, ही लाईट माणूस स्वतःच घेऊन घरी येतो.

आणि तिथेच तर सगळी मेख आहे ना. एक रात्र हॉस्पिटलात ठेवलं, त्या खोलीचा संडास सुद्धा वेगळ्या टाकीला जोडलेला, लघवी तिथे साठवून ठेवतात आणि तिच्यातल्या किरणांचा जोर उतरला की मगच गटारात सोडतात. बाबांना औषधापेक्षा त्या टाकीतच जास्त इंटरेस्ट, व्हॉल्व कुठला, टाक्या किती, एक भरली की दुसरी कशी चालू होते, टेक्निशियन बिचारा कंटाळला. दुसऱ्या दिवशी बाबांच्या अंगातून किती किरण येतायत ते एक मीटर लांबून यंत्रानं मोजलं, आकडा बसला आणि म्हणाले न्या घरी. हातात कागद. मोठ्या माणसांपासून दोन दिवस एक मीटर लांब, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून सात दिवस, झोपायला तीन दिवस वेगळी खोली, भरपूर पाणी प्यायचं, लघवी बसूनच करायची, फ्लश दोनदा, कपडे वेगळे धुवायचे, जमल्यास स्वतंत्र टॉयलेट. प्रत्येक हॉस्पिटलचा कागद थोडा वेगळा असतो म्हणे, आमचा हा असा होता.

जमल्यास. हा शब्द ज्यानं लिहिला त्याचं घर केवढं असेल असं मला फार वाटून गेलं.

बाबांनी घरी आल्या आल्या पहिलं काय केलं तर कपाटावरची हत्यारांची पेटी मागितली. त्यातला मेजर टेप काढला, पिवळा, पुढची पट्टी वाकडी झालेला, आणि बेडरूमच्या पलंगापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत, दिवाणापासून टीव्हीपर्यंत मापं घेत फिरले, कंबर दुखत असताना, आणि आई मागून "अहो बसा आता, अहो बसा." मग खडूनं फरशीवर रेघा मारल्या. एक रेघ पलंगाजवळ, एक हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीसमोर. आईला सांगितलं की चहाचा कप या रेघेवर ठेवायचा, मी उचलीन, तू मागे सरकलीस की मग. रोज सकाळी आई लादी पुसायची आणि रेघा जायच्या, रोज सकाळी ते परत मारायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बाबा, दोन दिवस झाले, मीटरचं संपलं. तर म्हणे, "फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवायचा."

कॅलेंडरवर पण हिशोब होता. या ल्युटेशियमचं अर्धं आयुष्य साधारण साडेसहा दिवसांचं, म्हणजे तेवढ्या दिवसांत निम्मं, आणखी तेवढ्यात त्याच्या निम्मं. ते पेन्सिलीनं तारखांखाली लिहायचे, १००, ५०, २५. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शरीरातलं त्याहून लवकर कमी होतं कारण पहिल्या दोन दिवसांतच बरंचसं लघवीवाटे जातं, पण ते काही बाबांनी हिशोबात धरलं नाही.

आता संडास. एकच आहे, पूर्वी भारतीय होता, बाबांची कंबर गेली तेव्हा कमोड बसवला. प्लॅस्टिकची फ्लशची टाकी, ती भरायला पाच-सहा मिनिटं. दोनदा फ्लश म्हणजे एकदा करायचं, आत उभं राहायचं, टाकी भरायची वाट बघायची, परत करायचं. आणि भरपूर पाणी प्या म्हटल्यावर रात्रीत सहा वेळा. वर आमच्याकडे पाणी दोन वेळ येतं, त्यात शुक्रवारी शटडाऊन. पहिला डोस नेमका गुरुवारी! शेवटी आम्ही दोन मोठे ड्रम आणि दोन बादल्या फक्त त्यासाठी भरून ठेवल्या, टाकी भरायची वाट न बघता बादली ओतायची. तेव्हा कोणी विचारलं ना की तयारी काय करायची, तर रिपोर्टची फाईल वगैरे नंतर, आधी बादल्या.

आईनं पहिल्या दिवशी ठरवलं होतं की आपण संडासला शेजारच्या काकूंकडे जायचं. काकू हो म्हणाल्या होत्या. संध्याकाळी त्यांच्या मुलानं मोबाईलवर काय ते वाचलं आणि काकू दारात येऊन उभ्या, आत न येता, "नातू लहान आहे गं आमचा." आई म्हणाली असू दे. मला राग आला होता, आईला आला नाही, किंवा आला असेल तर तिनं दाखवला नाही. मी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले नीट फ्लश करा, सीट पुसा, हात धुवा, तोच संडास वापरा, त्यात एवढं काही नाही. काकूंकडे जायची गरजच नव्हती! पण तो फोन आधी करायचं सुचलं नाही.

झोपायचं म्हणजे बाबा बेडरूममध्ये आणि आई स्वयंपाकघरात ओट्याखाली गादी घालून, कारण हॉलमधल्या दिवाणावर तिला झोप येत नाही. ४६ वर्षांत ती म्हणे फक्त बाळंतपणाला वेगळी झोपली होती.

हे औषध कुठून येतं ते मी मुद्दाम शोधलं. आपल्याकडचं बरंचसं ल्युटेशियम ट्रॉम्बेला ध्रुव रिअ‍ॅक्टरमध्ये तयार होतं, आणि अशी किरणोत्सारी औषधं पुरवणाऱ्या ब्रिटचं कॉम्प्लेक्स वाशीला सेक्टर २० मध्ये. बाबांना सांगितलं तर ते गप्पच झाले जरा, मग म्हणाले, "तिथनं तर किती वेळा गेलोय मी." अमेरिकेत याला मान्यता मिळाली २०२२ च्या मार्चमध्ये, आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून देत होते, परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरला वगैरे. औषध त्या दिवसासाठीच मागवलेलं असतं, ठेवून ठेवून निवतं, त्यामुळे आज पाऊस आहे उद्या येतो असं चालत नाही. जुलैतल्या डोसला आम्ही पहाटे चारला कॅब करून निघालो होतो, लोकल बंद पडतील म्हणून, पडल्या नाहीत.

त्रास काय झाला तर तोंड कोरडं. लाळेच्या ग्रंथींत पण ते पीएसएमए असतं, म्हणून औषध तिथेही जाऊन बसतं. गालाला बर्फाच्या पिशव्या लावल्या होत्या, त्याचा कितपत उपयोग होतो यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. दुसऱ्या डोसनंतर भाकरी घशाखाली उतरेना, ताक ओतून कुस्करून खायचे. मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदा खाणारा माणूस, मी पार्सल आणली तर पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, बाजूला ठेवली आणि नुसतं फरसाण दह्यात भिजवून खाल्लं. थकवाही होता. हिमोग्लोबिन खाली गेलं म्हणून तिसरा डोस तीन आठवडे पुढे ढकलला.

फायदाही झाला, नाही असं नाही. पहिल्या डोसनंतर पंधरा दिवसांत रात्रीची दुखण्याची गोळी सुटली, ते स्वतः खाली उतरून दूध आणायला लागले. पीएसए ९६ वरून ४१, मग १४. चौथ्यानंतर १९.

खर्चाचं थोडक्यात, एका डोसला दीड लाखाच्या वर, आणि मेडिक्लेमवाले एका रात्रीचं ॲडमिशन धरायचं की डे-केअर यावर दोन महिने मेल मेल खेळले. त्यावर लिहायला बसले तर बीपी वाढेल.

एक गोष्ट मी बाबांपासून लपवली होती. २०२१ चा तो मोठा अभ्यास, व्हिजन नावाचा, ८३१ पेशंट, ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर हे दिलं ते मध्यावरचे १५.३ महिने जगले, ज्यांना नाही दिलं ते ११.३. चार महिने. बादल्या, खडू, दीड लाख, आणि चार महिने, असं रात्री डोक्यात फिरायचं. चौथ्या डोसच्या वेळी गाडीत बाबाच म्हणाले की तो आकडा मी वाचलाय, भाच्यानं पाठवला. मी काहीच बोलले नाही. ऐरोलीचा पूल आला तेव्हा म्हणाले, "मध्यावरचा आहे ना तो? म्हणजे निम्मे त्याच्या पुढे गेले." आणि खिडकीची काच खाली केली.

आता डोस थांबवलेत, पुढचा पीएसए महिनाअखेर, बघू काय म्हणतो.

त्या बाकड्यावरच्या ताईंना मी नंबर दिला होता. त्या कळव्याला चाळीत राहतात, संडास कॉमन, सहा बिऱ्हाडांत दोन. माझ्या बादल्यांचा त्यांना काय उपयोग होता? मी नुसतंच म्हटलं, आत डॉक्टरांना विचारा, डिस्चार्जच्या आधी विचारा. परवा त्यांचा मेसेज आला. "भावाची खोली मिळाली बदलापूरला. संडास घरातच आहे. पाणी एक दिवसाआड."