ट्रॉली रिकामी झाली, सॉल्व्हरला पत्ताच नाही

सांगलीकडचा गाळप हंगाम गेममध्ये आणायचाय असं धरा. एक ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, फिजिक्स सेकंदाला 60 टिक, म्हणजे गणिताच्या 60 पायऱ्या. कारखान्याच्या आवारात मागची ट्रॉली रिकामी होते, वस्तुमान समजा 9 टनांवरून 2 टनांवर येतं. स्क्रीनवर ऊस नाही, तरी निघताना ट्रॅक्टर आधीसारखाच कण्हतो. कारण सॉल्व्हर, म्हणजे दर टिकला बळं आणि वेग सोडवणारा फिजिक्सचा भाग, वस्तुमानाकडे बघतच नाही. तो वस्तुमानाचा व्यस्त (1 भागिले वस्तुमान) आणि जडत्व आधीच काढून ठेवतो, आणि ते आकडे जुनेच राहिलेत.

पहिला हात जातो तो डर्टी फ्लॅगवर, म्हणजे मूल्य बदललं की वर करायच्या हो-नाही खुणेवर. वाचणारा एकच असेल तोवर त्याने भागतं. इथे मात्र वस्तुमान तिघांना लागतं: सॉल्व्हरला, टायरच्या घर्षणाला आणि हुकाच्या जॉइंटला. जो आधी आला त्याने आपलं काम उरकून फ्लॅग खाली केला की बाकीच्या दोघांपर्यंत बातमी पोचतच नाही. कोण आधी चालतं त्यावर बग कुठे दिसणार हे ठरतं, म्हणून क्रम बदलला की तो गेल्यासारखा वाटतो.

फ्लॅग काढून आवृत्ती क्रमांक ठेवा. बॉडीवर (फिजिक्सच्या लेखी ट्रॉलीसारखी प्रत्येक वस्तू) 32 बिटांचा काउंटर. लिहिणारा तो एकाने वाढवतो, वाचणारा प्रत्येक जण आपण शेवटचा पाहिलेला आकडा स्वतःजवळ ठेवतो. जुळला नाही तर गणित पुन्हा. बॉडीची सुरुवात 1 पासून, वाचणाऱ्याची 0 पासून. वाढवायचं काम सेटरच्या, म्हणजे मूल्य बदलणाऱ्या फंक्शनच्या, आत. फील्ड उघडं ठेवलं तर कुणीतरी थेट लिहिणारच. जागेचा आणि वस्तुमानाचा काउंटरही वेगळा हवा, नाहीतर ट्रॉली नुसती चालत असली तरी जडत्व सेकंदाला 60 वेळा फुकट काढलं जाईल.

टिक क्रमांकच शिक्का म्हणून का नको? सॉल्व्हरने वाचल्यावर त्याच टिकमध्ये स्क्रिप्टने लिहिलं, तर दोघांचा शिक्का सारखाच पडतो आणि बदल हरवतो. टिक क्रमांक नेटवर्कसाठी राहू द्या. तिथे 16 बिटांचा घेतलात तर 18 मिनिटं 12 सेकंदांनी तो शून्यावर येतो, म्हणून वजाबाकी करून चिन्हासहित 16 बिटांत तुलना करायची. 32 बिटांच्या फ्लोटमध्ये तर टिक मोजूच नका: 1,67,77,216 वर पोचला की एक मिळवूनही आकडा जागचा हलत नाही, आणि सर्व्हर तिथे साधारण 77 तास 40 मिनिटांत पोचतो.

खरी गोची रोलबॅकमध्ये, म्हणजे उशिरा आलेल्या इनपुटसाठी गेम मागे नेऊन पुन्हा चालवताना. टिक 500 संपल्यावर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घेतला, तेव्हा क्रमांक 40. 501 सुरू होताच सगळा ऊस उतरला, क्रमांक 41, जॉइंटने तो पाहून गणित केलं. मग दुसऱ्या खेळाडूचं इनपुट उशिरा आलं, 500 वर परत जावं लागलं, आणि या खेपेला 501 मध्ये अर्धाच ऊस उतरला. क्रमांक पुन्हा 41. जॉइंटच्या लेखी सगळं जुळतंय, पण त्याच्याजवळचा आकडा रद्द झालेल्या 501 मधला आहे. म्हणून काउंटर स्नॅपशॉटमध्ये ठेवायचाच नाही. स्थिती मागे जाते, काउंटर कधीच नाही. स्नॅपशॉट परत लावणं हेही लिहिणंच, त्यालाही अधिक एक. आणि डिसिंक (दोन मशीनवरचा गेम वेगळा होणं) पकडणाऱ्या चेकसममध्ये, म्हणजे स्थितीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यात, काउंटर धरू नका, नाहीतर रोलबॅक झालेल्या मशीनवर तो वेगळा येईल आणि नसलेल्या डिसिंकमागे दिवस जाईल.

झोपलेल्या बॉडीचंही बघा. बॉक्स2डी या फिजिक्स लायब्ररीत वेग उंबरठ्याखाली अर्धा सेकंद राहिला की बॉडी झोपते, म्हणजे तिचं गणित थांबतं. उभी ट्रॉली रिकामी करताना सेटरने तिला उठवायलाच हवं, जोडलेल्या ट्रॅक्टरसकट. ट्रॉली काढून टाकून तिचा स्लॉट (यादीतली जागा) दुसऱ्या बॉडीला दिला तर जुना क्रमांक योगायोगानेही जुळतो; बॉडीकडे बोट दाखवणाऱ्या हँडलमध्ये स्लॉटबरोबर जनरेशन क्रमांक (स्लॉट पुन्हा वापरला की वाढणारा) ठेवला की तो प्रश्न मिटतो.

डीबग बिल्डमध्ये प्रत्येक टिकच्या शेवटी सगळे साठवलेले आकडे शून्यातून काढून ताडून पाहा. फरक आला तर टिक, बॉडी, वाचणारा आणि दोन्ही क्रमांक छापून तिथेच थांबा. क्रमांक जुळतात पण आकडा चुकतोय, तर कुणीतरी सेटरला वळसा घातलाय.