बायबल क्लबसाठी उघडलेलं दार

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं हायस्कूलला गेली की कधी ना कधी हा वाद निघतो: शाळेत समलिंगी मुलांचा क्लब असावा का? फराळाला जमलेल्यांपैकी एक जण म्हणतो, शाळा शिकण्यासाठी असते, तिथे धर्मही नको आणि हेही नको. दुसरा विचारतो, बायबल क्लब चालतो, मग हा का नाही? तिसऱ्याच्या मुलीला शाळेत हिंदू विद्यार्थ्यांचा क्लब काढायचा असतो, आणि आपण नक्की कोणाच्या बाजूचे हे त्याला उमगत नाही. वाद मैत्रीतला असतो, आवाज चढला तरी चिवड्याची वाटी पुढे केली जाते. पण या तिघांचाही प्रश्न एकाच कायद्यात अडकलेला आहे, आणि त्याचं नाव या गप्पांमध्ये क्वचितच निघतं.

त्याचं नाव इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट. ११ ऑगस्ट १९८४ रोजी रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. त्याआधी १९६२ आणि १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांनी घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं होतं. त्यानंतर कित्येक शाळा इतक्या बिचकल्या की शाळा सुटल्यावर चार मुलांनी आपण होऊन बायबल घेऊन बसायचं म्हटलं तरी त्या वर्ग उघडून देईनात. १९८१ मध्ये विडमार खटल्यात कोर्टाने सरकारी विद्यापीठांना सांगितलं की इतर गटांना खोल्या देता, तर धार्मिक गटाला नाकारता येणार नाही. हायस्कूललाही तोच नियम हवा म्हणून ख्रिस्ती संघटनांनी आणि त्यांच्या बाजूच्या लोकप्रतिनिधींनी हा कायदा लावून धरला. यूटा राज्याचे सेनेटर ऑरिन हॅच त्याच्या पाठीराख्यांपैकी एक. यूटाकडे पुढे परत यायचं आहे.

नुसत्या धार्मिक गटांना संरक्षण दिलं असतं तर धर्माला झुकतं माप दिल्याचा आक्षेप आला असता. म्हणून मजकूर असा झाला: मुलांच्या बोलण्याचा विषय धार्मिक, राजकीय, तात्त्विक किंवा अन्य काहीही असो, त्या विषयाकडे बघून शाळेने गट नाकारायचा नाही. समलिंगी मुलांचे क्लब याच यादीच्या आधाराने उभे राहिले. गंमत अशी की लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स हायस्कूलमध्ये व्हर्जिनिया उरिबे या शिक्षिकेने समलिंगी मुलांना आधार देणारा 'प्रोजेक्ट १०' उपक्रम सुरू केला तोही १९८४ मध्येच. 'गे-स्ट्रेट अलायन्स' म्हणजे जीएसए (समलिंगी आणि इतर मुलांचा मिळून गट) या नावाचा पहिला गट १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कॉन्कर्ड अकॅडमीत निघाला. ती खासगी शाळा. खासगी शाळेला हा कायदा लागत नाही, हे वादात सगळ्यात आधी स्पष्ट करून घ्यावं. कॅथलिक शाळेत मूल असेल तर पुढचं काही लागू नाही.

कायदा लागू होतो केंद्राचं अनुदान घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेला, आणि तोही एका अटीवर. अभ्यासक्रमाशी संबंध नसलेला एक जरी विद्यार्थी-गट शाळेने तासांच्या आधी किंवा नंतर आवारात जमू दिला, की दार उघडलं. मग ते सगळ्यांना उघडं. आता अभ्यासक्रमाशी संबंध आहे की नाही हे ठरवायचं कसं? याचं उत्तर सुप्रीम कोर्टाच्या ४ जून १९९० च्या मर्गेन्स निकालात आहे. नेब्रास्कात ओमाहाच्या वेस्टसाइड हायस्कूलमधल्या एका विद्यार्थिनीला ख्रिस्ती क्लब हवा होता, शाळेने नाकारला, आणि कोर्टाने ८ विरुद्ध १ ने तिच्या बाजूने निकाल दिला. चार कसोट्या घालून दिल्या: क्लबचा विषय शाळेत तासाला शिकवतात का किंवा लवकरच शिकवणार आहेत का, तो सगळ्याच अभ्यासक्रमाशी निगडित आहे का, एखाद्या विषयासाठी त्यात भाग घेणं सक्तीचं आहे का, त्याचे गुण किंवा क्रेडिट मिळतात का. चारही उत्तरं 'नाही' आली तर तो क्लब अभ्यासक्रमाबाहेरचा. वेस्टसाइडचा बुद्धिबळ क्लब आणि पाण्याखाली पोहण्याचा (स्कूबा डायव्हिंग) क्लब असे बाहेरचे निघाले. बुद्धिबळाने तर्कशक्ती वाढते, म्हणून तो गणिताशी जोडलेला आहे, असला युक्तिवाद कोर्टाने मानला नाही, आणि ते बरोबरच झालं. नाहीतर शाळा आवडत्या क्लबला कुठल्यातरी विषयाची शेपटी जोडत बसल्या असत्या.

आता यूटा. १९९५ च्या शेवटी सॉल्ट लेक सिटीच्या ईस्ट हायस्कूलमधल्या मुलांनी जीएसएसाठी परवानगी मागितली. स्कूल बोर्डाच्या वकिलांना कायदा दिसत होता: बाकीचे क्लब चालू ठेवून हा एक नाकारता येत नाही. २० फेब्रुवारी १९९६ ला बोर्डाने ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद. कायद्याच्या दृष्टीने ही पळवाट खरी आहे, एकही क्लब नसेल तर दार बंदच राहतं. पण किंमत सगळ्या मुलांनी मोजली. छंदांचे, सेवेचे, वेगवेगळ्या वंशगटांच्या मुलांचे क्लब गेले, शेकडो मुलं वर्ग सोडून राज्याच्या कॅपिटॉलवर, म्हणजे विधानभवनावर, चालत गेली, आणि आपला क्लब गेला याचा राग काहींनी समलिंगी मुलांवरच काढला. ज्या मुलांना सुरक्षित जागा हवी होती त्यांना बोर्डाने शाळेतली सगळ्यात नावडती मुलं करून ठेवलं. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जास्त सलते.

ती मुलं चिकाटीची होती. सार्वजनिक इमारती भाड्याने देण्याच्या राज्याच्या कायद्याखाली खोली भाड्याने घेऊन ती जमत राहिली. दरम्यान बोर्डाची बंदी गळकी असल्याचं दिसू लागलं. १९९९ मध्ये कोर्टाने म्हटलं की १९९७-९८ या वर्षात अभ्यासक्रमाबाहेरचा एक गट शाळेत चालू होता, तेव्हा जीएसएला नकार बेकायदा होता. मग मुलांनी दुसरा डाव टाकला. 'प्रिझम' नावाचा क्लब मांडला, ज्याचा विषय इतिहास, समाजशास्त्र आणि अमेरिकी शासनव्यवस्था, या विषयांकडे समलिंगी लोकांच्या अनुभवातून बघायचं. तो थेट अभ्यासक्रमातला क्लब झाला. तोही नाकारला गेला, आणि एप्रिल २००० मध्ये कोर्टाने मुलांच्या बाजूने मनाईहुकूम दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोर्डाने सगळ्या क्लबांवरची बंदी उठवली.

बाकीचे खटले थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकात शाळेची एक ठरावीक चूक दिसते. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज भागातल्या एल मोडेना हायस्कूलमधल्या जीएसएला बोर्डाने नाव बदलण्याची आणि लैंगिकतेवर न बोलण्याची अट सुचवली होती. फेब्रुवारी २००० मध्ये कोर्टाने क्लबला जमू देण्याचा हुकूम दिला, इतर क्लबांना नसलेली अट याच क्लबला घालता येत नाही. केंटकीतल्या बॉइड काउंटीत क्लबविरुद्ध निदर्शनं झाली, शाळेने 'गोंधळ होतोय' म्हणून सगळे क्लब बंद केल्याचं सांगितलं, पण बायबल क्लब आणि नाट्य क्लब जमतच राहिले. २००३ मध्ये न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी स्पष्ट केलं की गोंधळ विरोधकांचा होता, त्याची शिक्षा क्लबला देता येत नाही. हे बनिंग रिपब्लिकन सेनेटर जिम बनिंग यांचे चिरंजीव. पक्ष बघून निकालाचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. १९९३ मध्ये समलिंगी विद्यार्थ्यांना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर विल्यम वेल्डही रिपब्लिकनच. मिनेसोटाच्या मेपल ग्रोव्हमध्ये शाळेने चीअरलीडिंग आणि पाण्यातलं समूहनृत्य अभ्यासक्रमात धरून त्यांना लाउडस्पीकरवरच्या घोषणा, इयरबुक, सहली असं सगळं दिलं आणि समलिंगी मुलांच्या गटाला नुसती खोली. २००६ मध्ये अपील कोर्टाने ती विभागणी मोडून काढली. समान प्रवेश म्हणजे खोलीबरोबर घोषणा आणि फलकही.

मुलं हरली असा एक महत्त्वाचा निकाल आहे: टेक्सासचं लबक, २००४. तिथे गटाच्या उद्दिष्टांत सुरक्षित संभोगाची माहिती होती आणि त्यांच्या वेबसाइटवरून लैंगिक मजकुराकडे जाणाऱ्या लिंक होत्या. डिस्ट्रिक्टचं, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचं, धोरण लग्नाआधी संयम शिकवण्याचं, आणि कोर्टाने शाळेची बाजू घेतली. २००८ मध्ये फ्लोरिडाच्या ओकीचोबीत तसाच युक्तिवाद झाला, पण तिथल्या क्लबचं उद्दिष्ट सहिष्णुता आणि परस्परांना आधार एवढंच होतं, आणि क्लब जिंकला. अर्ज लिहिताना उद्देशाचं वाक्य किती जपून लिहावं हे या दोन निकालांवरून कळतं.

तेव्हा कोणाचंही मूल क्लब काढत असेल, जीएसए असो की हिंदू विद्यार्थ्यांचा, रीत एकच. डिस्ट्रिक्टचं क्लबविषयीचं लेखी धोरण आणि शाळेत चालू असलेल्या सगळ्या क्लबांची यादी आधी मागून घ्यायची. यादीत एक बुद्धिबळाचा क्लब किंवा 'की क्लब' (Key Club, मुलांचा समाजसेवेचा क्लब) सापडला की निम्मं काम झालं. अर्ज मुलांनी स्वतः करायचा, आईबापांनी नाही, कारण गट विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आणि ऐच्छिक असावा ही कायद्याची अट आहे. बाहेरच्या माणसाने तो चालवायचा नाही आणि नियमित येऊन बसायचंही नाही. म्हणून मंदिरातल्या काकांनी दर बुधवारी येऊन शिकवणं किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याने बैठका चालवणं, दोन्ही क्लबच्या मुळावर येऊ शकतं. अधूनमधून पाहुणे बोलावायला हरकत नाही. सभासद कमी आहेत म्हणून कायदा हक्क काढून घेऊ देत नाही. शिक्षक हवा असेल तर त्याची देखरेखीपुरती नेमणूक म्हणजे शाळेने क्लबचा पुरस्कार केला असं होत नाही. प्रत्येक अर्जाची तारीखवार प्रत ठेवायची, तोंडी नकार मिळाला तर त्याच संध्याकाळी ईमेल करून 'आज आपण असं म्हणालात' हे लिहून ठेवायचं.

श्रद्धाळू पालकांचा आक्षेप मी हलका मानत नाही. त्यांच्यासाठीही या कायद्यात जागा आहे. क्लबमधलं बोलणं आपल्या श्रद्धेविरुद्ध असेल तर कोणत्याही शिक्षकाला तिथे बसायची सक्ती करता येत नाही. धार्मिक गटाच्या बैठकीत शिक्षक हजर राहिला तरी तो भाग घेऊ शकत नाही. शाळेने खोलीच्या किरकोळ खर्चापलीकडे सार्वजनिक पैसा द्यावा असं कायदा सांगत नाही. कोणत्याही मुलाला क्लबमध्ये जायची सक्ती नाही, आणि यूटासारख्या राज्यात क्लबमध्ये जाण्यासाठी पालकांची लेखी संमतीही लागते. ही संमती मागायचीच तर सगळ्या क्लबांसाठी मागायला हवी. त्या फॉर्मचा दुसरा अर्थही समजून घ्यावा: घरी अजून काही न सांगितलेल्या मुलासाठी तो कागद म्हणजे घरात उघडं पडण्याची भीती असते.

वर्गातल्या धड्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि वादात दोन्हींची सरमिसळ होते. २७ जून २०२५ च्या महमूद निकालात सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीतल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती पालकांची बाजू घेतली: समलिंगी पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं वर्गात वाचली जाणार असतील तर धार्मिक कारणावरून मुलाला बाहेर ठेवण्याची मुभा हवी. ते सक्तीच्या तासाविषयी आहे. शाळा सुटल्यावर स्वेच्छेने जमणाऱ्या मुलांविषयी त्यात काही नाही. दुसऱ्याच्या मुलाने जमू नये असा हक्क त्यातून कोणाला मिळत नाही.

आणि क्लब नसला तरी मारहाण थांबवणं शाळेला चुकत नाही. विस्कॉन्सिनच्या अ‍ॅशलंडमध्ये जेमी नाबोझ्नी या मुलाला समलिंगी म्हणून इतकं मारलं गेलं की पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. शाळेने लक्ष दिलं नव्हतं. १९९६ मध्ये अपील कोर्टाने घटनेतल्या समान संरक्षणाखाली अधिकाऱ्यांवर खटला चालवू दिला, आणि अखेरीस ९ लाख डॉलरहून अधिक रकमेची तडजोड झाली.

सध्या सगळ्यात ताणलेलं राज्य टेक्सास, जिथे ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला खूप मराठी कुटुंबं आहेत. २०२५ च्या सेनेट बिल १२ ने सरकारी शाळांत लैंगिक कल किंवा लिंगओळख यांवर आधारलेल्या क्लबांना मनाई केली, १ सप्टेंबर २०२५ पासून. विषय बघून गट नाकारायचा नाही असं केंद्राचा कायदा म्हणतो, आणि हा राज्याचा कायदा नेमका विषय बघूनच गट नाकारतो. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. बायबल क्लबवाल्या पालकांनीही या खटल्याकडे लक्ष द्यावं. राज्याला एक विषय वगळता आला, तर दुसऱ्या राज्याला दुसरा वगळता येईल, आणि त्यांच्या मुलांची खोलीही त्याच कलमावर उभी आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हा कायदा मोडला म्हणून केंद्र सरकार शाळेचं अनुदान रोखू शकत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. दाद मागायची तर कोर्टातच, आणि तिथे वेळ जातो. सॉल्ट लेकला साडेचार वर्षांहून जास्त लागली, हायस्कूल चारच वर्षांचं असतं. म्हणून अर्ज शाळा सुरू होताच पहिल्या आठवड्यात द्यायचा, आणि त्यावर सही करणाऱ्यांत नववीतलं एक तरी मूल असू द्यायचं.